याडीचा चुडा आणि माझी ओ पॉझिटिव्ह किडनी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम करणारी माणसं लिहितात, असं ऐकलं. घरी आम्ही बंजारा लोक गोरमाटी बोलतो, पण ती लिहायला हात वळत नाही. म्हणून मराठी.

मोठं काम असं. याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार-गुरुवार तांड्यावरून आर्णी, आर्णीवरून यवतमाळ, डायलिसिस. मानेत नळी बसवली आहे, त्यातून रक्त मशीनमध्ये जाते, धुऊन परत येते. आज डॉक्टर मंजुषा मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. याडी, बा, मोठी बहीण जया आणि मी. मॅडम अशा समजावतात जसे आपण तिसरीत आहो. म्हणे, मानेतली नळी कायमची नसते, त्यात इन्फेक्शन होतं. पुढचा रस्ता ऑपरेशनचा. एक, किडनी बदलायची, नागपूरला, घरच्याच कोणी द्यायची. दोन, हाताचं ऑपरेशन, त्याले फिस्टुला म्हणतात. कोपरापाशी दोन नसा जोडायच्या, दीडेक महिन्यात नस जाड होते, मग सुई हातातच. तीन, पोटात नळी, घरीच औषधाचं पाणी भरायचं आणि काढायचं, पण खोली एकदम स्वच्छ पाहिजे.

तिसरं कटलं. आमच्या खोलीत बकरी बाळंत झाली आहे.

किडनी कोण देणार? बाले बीपी आहे आणि वय झालं. जयाचा रक्तगट जमत नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर ठीक होतं. कोणी पाहिलं नाही. बा पंख्याकडे पाहत होता. हाच अपमान. म्हणून मी उभा राहिलो आणि म्हटलं, मी देतो. माझा ओ पॉझिटिव्ह आहे. रक्तदान शिबिरात बॅग भेटली होती, तेव्हा सांगितलं होतं. ओ सगळ्यांले चालते.

जया म्हणे, बारावीचा फॉर्म भरून पेपरले न जानारा तू.

तिथं हे बोलायची गरज होती का? मॅडमसमोर?

याडी मात्र रडली. माझा हात धरला.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

एक राहिलं. मॅडम म्हणे, किडनीची तपासणी चालू राहू द्या, त्याले महिने लागतात, तोवर डाव्या हाताचा फिस्टुला करून घ्या. फक्त हातात काही घट्ट नको, हा चुडा काढावा लागेल.

याडी लग्नापासून दोन्ही दंडांत पांढरा चुडा घालते. कोपराच्या वरचा. तो बाई फक्त एकाच दिवशी उतरवते, नवरा मेला त्या दिवशी. आणि नवरा बाजूच्या खुर्चीवर बसून पंखा पाहून राह्यला होता.

मॅडमले हे कोण सांगेल? यवतमाळच्या कॉलनीत जन्म गेला बाईचा. मीच सांगितलं. आणि म्हटलं, चुडा उतरणार नाही. मी किडनी देतो तं हात कायले कापायचा?

याडी म्हणे, पोरगं बराबर बोलून राह्यलं.

आयुष्यात पहिल्यांदा.

६ नोव्हेंबर

याडीले केळ चालत नाही, नारळपाणी चालत नाही, पाणीही मोजून. पण पाहायले येणारा प्रत्येक शहाणा केळं घेऊनच येतो. अडाणी लोक. वाया जाऊ नये म्हणून मी खातो. किडनी तयार करून राह्यलो.

९ नोव्हेंबर

खर्रा बंद. मॅडम म्हणे, देणाऱ्यानं तंबाखू सोडली पाहिजे. सोडली. शेवटची पुडी कापसाच्या पऱ्हाटीत फेकली. एकदम मोकळं वाटून राह्यलं.

९ नोव्हेंबर, दुपारी

पुडी सापडली.

१७ नोव्हेंबर

तांड्यात सगळ्यांले कळलं. शेजारची मैनाबाई म्हणे, शाम्या, तुयासारखा पोरगा सात जन्मात भेटत नाही. तिचा स्वतःचा पोरगा बाजूले उभा होता, त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. चांगलं झालं. मागच्या वर्षी त्यानं माझी चप्पल नेली होती.

कापूस वेचायले जया मले बोलावून राह्यली. मी सांगितलं, डोनरनं वजन उचलू नये. जया म्हणे, कापसाचं? मी म्हटलं, कशाचंच. ती स्वतःचं सासर सोडून आर्णीवरून येते आणि वेचते, ते मले दाखवण्यासाठी. मी बांधावरून पाहिलं, म्हणजे तिला कळावं की मले फरक पडत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

आज नागपूर. तपासणीची तारीख. बा सकाळी फाट्यापर्यंत आला. धोतर धुतलेलं. मले बसमध्ये बसवून कंडक्टरले म्हणे, पोरगं किडनी देयाले चाललं. कंडक्टर म्हणे, तिकीट घ्या. दगड आहे दगड.

१० डिसेंबर

माझी काही चूक नाही, हे आधीच लिहितो.

बस कळंबला थांबली. मी फक्त चहा प्यायले उतरलो. तिथं रोशन भेटला. हा रोशन म्हणजे मारेगावचा, लग्नात डीजे वाजवते, बोलेरोवर स्पीकर बांधून फिरते. तो म्हणे, राळेगावच्या अंगाले शंकरपट आहे, शर्यतीले बैलाच्या जोड्या चंद्रपूरवरून आल्या, तासाभरात पाहून येऊ, पुढची बस पकडून देतो. तासाभरात म्हटलं होतं त्यानं. तास मी नाही ठरवला.

एक पांढरी जोडी होती. पायले जमीन लागतच नव्हती लेकाची. मी ओरडून ओरडून आवाज बसवला. मग फायनल दुसऱ्या दिवशी होती. फायनल सोडून कोणी उठते का? पांढरी जोडी शेवटी आडवी गेली आणि हरली. पंचानं पैसे खाल्ले असतील. आपल्याकडे कशातच सरळपणा नाही.

घरी सांगितलं, बस फेल झाली. हे खरंच आहे. कुठली ना कुठली बस रोज फेल होते.

११ डिसेंबर

जयानं आज यवतमाळले याडीच्या मशीनजवळ बसून पुन्हा फिस्टुल्याचा विषय काढला. म्हणे, याडी, तो जाईन तेव्हा जाईन, तू हात तं करून घे. मॅडमनीही तेच. बायका एक झाल्या की माणसाचं चालत नाही. पण याडी म्हणे, पोराची तपासनी होऊ द्या. बाप जिता असता चुडा उतरवते का कोणी? तांड्यात काय तोंड दाखवू?

जया माझ्याकडे पाहून राह्यली होती. मी खिडकीतून पार्किंग पाहिलं. कोणीतरी आडवी गाडी लावली होती. अशा लोकांले पकडून मारलं पाहिजे.

२२ डिसेंबर, सोमवार

आज पोचलो. नागपूर, दवाखाना, गेट, सगळं. कळंबला खिडकीसुद्धा उघडली नाही.

किडनीचा विभाग पाचव्या माळ्यावर. लिफ्टले गर्दी. जिन्यानं तिसऱ्या माळ्यापर्यंत गेलो. तिथं बाकावर एक माणूस शर्ट वर करून दुसऱ्याले कूस दाखवून राह्यला होता. बायकोले किडनी दिली म्हणे. पोटापासून पाठीकडे एवढी मोठी रेघ. तो हसत होता. म्हणे, आता काहीच दुखत नाही, मस्त जेवतो. मले म्हणे, हात लावून पाहा.

अनोळखी माणसाले कोणी असं म्हणते का? संस्कार नाहीत.

खाली चहा प्यायले आलो. चहा रद्दी होता. टपरीवाल्यासोबत त्यावरून बोलाचाली झाली. नंतर वर जायचा मूड राहिला नाही. डोकं गरम असताना रक्त देऊ नये, रिपोर्ट खराब येते, हे मले माहीत आहे.

२२ डिसेंबर, रात्री

घरी सगळे जागे होते. याडीनं विचारलं, झाली? तिचा चेहरा असा होता की नाही म्हणणं बरोबर दिसलं नसतं. म्हटलं, झाली. रिपोर्ट यायचा आहे.

तसं पाहिलं तर झालीच. ओ पॉझिटिव्ह मले माहीत आहे. तब्येत दिसते. बाकी कागद आहेत फक्त.

बानं माझ्या ताटात कोंबडीचा पाय वाढला. तो बाचा असते नेहमी.

३१ डिसेंबर

नवीन वर्षाचे संकल्प. खर्रा पूर्ण बंद. पाच तारखेच्या आत नागपूरले जाऊन तपासणी खरंच करून येणे, कोणाले न सांगता, म्हणजे सगळं आपोआप खरं होईल. जयाशी न बोलणे. सकाळी पळायले जाणे.

१ जानेवारी २०२६

पळालो. फाट्यापर्यंत. पानटपरी उघडी होती.

६ जानेवारी

याडीले ताप. दात वाजून राह्यले होते, गोधडीवर गोधडी टाकली तरी. बानं एखादी गाडी शोधायले सांगितलं. मी रोशनलेच फोन लावला, तो मारेगावले. मग जयाचा नवरा गाडी घेऊन आला. भरती केलं.

मानेतल्या नळीत इन्फेक्शन. म्हणजे मॅडम म्हणत होत्या तेच. आता त्यांले आनंद झाला असेल.

९ जानेवारी

मानेतली नळी काढली. नवीन जांघेत बसवली. याडी चालू शकत नाही, बसू शकत नाही, आणि लाजेनं कोणाशी बोलत नाही. मॅडमनी बाहेर बोलावून सांगितलं, मानेतल्या नसा आता खराब होऊन राहिल्या, ही नळीही फार दिवस ठेवता येणार नाही. असंच चाललं तर सुई लावायले अंगात जागा उरणार नाही. जागा नाही तं डायलिसिस नाही.

डायलिसिस नाही तं काय, हे त्या बोलल्या नाहीत. बा भिंतीले टेकून खाली बसला.

जया म्हणे, रिपोर्ट कुठं आहे शाम?

मी म्हटलं, नागपूरवाले ढिले आहेत.

याडी आतून ऐकून राह्यली होती. तिनं आवाज दिला, थांबा न जरासं, पोराचा रिपोर्ट येऊन राह्यला न.

हे लिहिताना पेन चालत नाही. रिफिल खराब आहे. आर्णीच्या त्या दुकानदारानं फसवलं.

१२ जानेवारी, सोमवार

मंजुषा मॅडमनी नागपूरले फोन केला. स्वतः. कोणी सांगितलं होतं? एवढे पेशंट पडले आहेत, ते सोडून बाई माझी चौकशी करते. तिकडून म्हणे, शाम फुलसिंग राठोड नावाचा कोणी आलाच नाही.

मले मॅडमनी काहीच म्हटलं नाही. फोन ठेवला आणि दुसऱ्या पेशंटचं नाव पुकारलं. हे शिकलेले लोक असेच असतात. शिवी द्यायचीही लायकी समजत नाहीत.

जया दारात होती. रोज बोलते, आज नाही.

मी लघवीले म्हणून बाहेर आलो. स्टँडवर मारेगावची बस लागलेली होती.

१३ जानेवारी, मारेगाव

रोशनकडे. डीजेच्या कामाले माणूस पाहिजेच होता. इथं माझी किंमत आहे. स्पीकर उचलावे लागतात, जड असतात. उचलतो. वजनाचं आता कोणाले काय.

मोबाईल बंद ठेवला. नेटवर्क नाही म्हणून.

१९ जानेवारी

लग्न. नवरदेवाच्या मामानं आवाज कमी करा म्हटलं. मी अजून वाढवला. मारामारी होता होता राहिली. चांगलं वाटलं.

रोशन म्हणे, तुयी याडी कशी आहे बे? मी म्हटलं, रिपोर्ट यायचा आहे.

२६ जानेवारी

ठरवलं. इथून सरळ नागपूर. गुपचूप तपासणी, रिपोर्ट हातात घेऊनच घरी. जयाच्या तोंडावर फेकायचा. मग बघू कोण काय बोलते.

२ फेब्रुवारी

उद्या निघतो नागपूरले. नक्की. बॅग भरली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नागपूरची बस सुटली. यवतमाळची समोर उभी होती.

फाट्यावर उतरलो, तांड्याकडे चाललो. दुरूनच दिसलं, घरासमोर बायका बसलेल्या. मधे याडी, खाटेवर टेकून. पदर खांद्यावरून सरकलेला आणि डावा दंड उघडा. पूर्ण उघडा. चुडा नाही. जिथं चुडा असते तिथली कातडी पांढरी, जशी दुसऱ्याच बाईची.

मले समजलं. बा गेला. भिंतीले टेकून खाली बसला होता, तेव्हाच गेला असेल. आणि माझा मोबाईल बंद.

बॅग फेकली. बा रे, करत पळालो. अंगणात आडवा पडलो. डोकं आपटलं. म्हटलं, बा, मी येऊनच राह्यलो होतो रे, एक दिवस थांबायचं होतं. असं रडलो असं रडलो की बकरी उठून उभी राहिली.

मागून आवाज आला, कोण मेलं बे?

बा. हातात दुधानं भरलेला गंज.

बायका पदरात तोंड घालून हसायले लागल्या. मैनाबाई म्हणे, ऊठ बाप्पा, आम्ही बी त्या दिवशी असंच आलतो. आमच्या अर्ध्या जणी रडून झाल्या तेव्हा फुलसिंग भाऊ चहा घेऊन बाहेर आला.

बा म्हणे, आठ दिवसांत मले दोनदा मारलं यायनं.

मी उठलो. कपाळाले माती. एकही जण धुवायले पाणी देईना.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

आता सगळं कळलं ते लिहितो. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी याडीनं जयाले विचारलं, रिपोर्ट नाहीच न? जया म्हणे, नाही. बरेच दिवस तसेच गेले. मग एक दिवस बाले म्हणे, साबन आना.

बानंच उतरवला चुडा. स्वतःच्या हातानं. साबण लावून एक एक बांगडी. तांड्यात असं कधी कोणी ऐकलं नाही. दोन बांगड्या कोपरावरून येईनात, लग्नाच्या वक्ताले दंड बारीक होता. त्या मोटार दुरुस्तीवाल्याच्या ब्लेडनं कापल्या. कापता कापता बा म्हणे, मी मेल्यावर दुसऱ्या कोणाले करा लागलं असतं, त्याच्यापेक्षा मीच करून देतो. आणि याडी हसली म्हणे. जया सांगून राह्यली होती. सांगताना माझ्याकडे पाहत नव्हती.

नंतर यवतमाळले ऑपरेशन. फिस्टुला झाला.

कापलेल्या बांगड्या बानं बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या.

मी याडीले म्हटलं, एवढी घाई कायले केली? मी देणारच होतो. थांबायचं होतं.

याडी म्हणे, थांबली न रे. कापूस फुटला तेव्हापासून थांबली. आता पऱ्हाट्या उपटून झाल्या.

मग माझा हात घेऊन तिच्या कोपरावर ठेवला. टाके होते. आतमध्ये काहीतरी गुरगुरत होतं, जशी दूरच्या वावरात मोटार चालू असावी. म्हणे, पाय, चालू हाये. रोज पाहायचं सांगितलं मॅडमनं. थांबलं तं संपलं.

मी हात काढला. टाक्यांले माझी माती लागली असती.

४ फेब्रुवारी

नवीन संकल्प. याडीनं डाव्या हातानं वजन उचलायचं नाही. हंडा नाही, सरपण नाही. त्या हाताले डायलिसिसशिवाय दुसरी सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, काही बांधायचं नाही. म्हणून उद्यापासून पाणी मी भरणार. पहाटे, कोणी उठायच्या आत. आणि सोमवारी नागपूर.

५ फेब्रुवारी

उठलो तेव्हा हंडे भरलेले होते. बानं भरले. मले उठवायचं होतं न. मुद्दाम नाही उठवत.

११ फेब्रुवारी

कोणी भांडत नाही. जया येते, याडीच्या हाताले कान लावून आवाज ऐकते, जाते. मी म्हटलं, बकरीच्या खोलीत ठेवता का पेशंट? जयानं चप्पल घातली. मी म्हटलं, त्या मॅडमले फार गर्व आहे. बा म्हणे, हो. आणि बाहेर गेला.

१६ मार्च, सोमवार

आज याडीची सुई पहिल्यांदा हातात लागली. जांघेतली नळी काढून टाकली. फाट्यावर उतरून स्वतःच्या पायानं घरी आली. मी खाटेवरून पाहिलं. तिचा उजवा दंड चुड्याचा, डावा मोकळा, आणि मोकळ्या दंडावर दोन चिकटपट्ट्या.

संध्याकाळी मैनाबाई आली. हात दाबून पाहते म्हणे, याडीनं झटकला. मग तिनं विचारलं, मंग हंसाबाई, आता किडनी कोन देऊन राह्यलं?

मी उठून बसलो. खर्रा थुंकून आलो. शर्टाचं बटण लावलं.

याडी म्हणे, कोनी नाही वं. हात हाये न आता.

रागात नाही. टोमणाही नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तुरीचा भाव विचारायले लागली. टोमणा असता तं मी उत्तर दिलं असतं. तयार होतं उत्तर.

मग फाट्यावर जाऊन नागपूरच्या बसची वेळ विचारून आलो. सकाळी सहाची आहे. कळंबला दहा मिनिटं थांबते.